खाडीपर्यंत आलेली हाक

फार फार वर्षांपूर्वी, समुद्रात मीठ अजून पुरतं विरघळायचं होतं तेव्हा, एका खाडीच्या दोन काठांवर दोन डोंगरी शहरं होती. अलीकडच्या शहराचा चढ असा उभा, की वरच्या आळीत दह्याचं मडकं घरंगळलं, तर खालच्या आळीत लोणीच पोहोचायचं. खोटं वाटतं? वाटू द्या.

त्या शहरात एक प्रवासी आला. त्याला ना घर, ना माणूस. आता कुठंतरी कायमचं टेकावं, एवढीच त्याची इच्छा. डोंगराच्या टोकावर राहणाऱ्या एका म्हातारीनं त्याला आपली पडवी दिली.

तिथली एक रीत होती. दिवेलागणीला घराघरांतून जेवणाची हाक निघे. ती खालचं घर झेली, त्याच्याखालच्या घराला देई, आणि अशी उतरत उतरत ती किनाऱ्यावरच्या माणसापर्यंत पोहोचे. वाटेत भर पडे ती वेगळीच. म्हातारीनं "पाहुण्याऽ, जेवायला ये!" म्हणावं, आणि खाली ऐकू यावं, "पाहुण्याऽ, ये रे मेल्या, कढी निवली, येताना मीठ आण!"

सगळा किनारा हसे. प्रवाशाच्या कपाळाला मात्र आठ्या पडत.

"आजी, पलीकडचं शहर बघितलंय मी. पायऱ्या घडीव, रस्ते झाडलेले, आणि शांत किती! इथं नुसता कालवा. मी काय कुक्कुलं बाळ आहे, हाका मारायला?"

"हाकेनं माणूस लहान होतो होय रे?" म्हातारी म्हणाली. "बरं बाबा, राहून बघ तिकडे."

तो गेला. पलीकडे खरोखरच शांतता होती. लोक सभ्य, मान लववत आणि आपापलं दार लावून घेत. प्रवासी एकटाच शिजवी, एकटाच जेवी. पुढं पुढं तो संध्याकाळी किनाऱ्यावर नुसता बसून राही. अंधार पडे, भरतीचं पाणी पायाला लागे, पण 'ऊठ, उशीर झाला' म्हणणारं कुणी नव्हतं. वारा फिरला की खाडीपलीकडून काहीतरी अस्पष्ट येई. "तिकडचा कालवा!" असं तो पुटपुटे, पण कान तिकडेच लावी.

अखेर त्याला राहवेना. होडीत बसून तो परतला आणि अलीकडच्या किनाऱ्यावर हाकेची वाट पाहू लागला. हाका उतरल्या. एकेक जण उठून चढाला लागला. जाळं गुंडाळणारी एक कोळीण तेवढी उरली.

"ताई, माझी हाक नाही आली?"

तिनं त्याला ओळखलं. "आता कुठली यायला, पाहुण्या? आजी गेली पावसाळ्यात. अंथरुणावरूनसुद्धा रोज तुला हाक द्यायची. आम्ही ती घराघरांतून उतरवून इथं पाण्यापर्यंत आणायचो. पण पलीकडे झेलणारं कुणी नव्हतं ना!"

इतक्यात कोळिणीला तिच्या घरची हाक आली. "चल, चार घास खाऊन घे आमच्याकडे," ती म्हणाली.

पण त्याला उठवेना. भूक त्याला अन्नाची नव्हती. तो तिथंच बसून राहिला, वरच्या टोकावरच्या काळोख्या घराकडे बघत.

म्हणून लहानथोरांनो, कोणतं गाव चांगलं हे ठरवण्याआधी, तिथं आपल्याला हाक मारणारं कोण आहे, ते पाहावं.