शिट्टी मारणारी गाडी

घाटाच्या पायथ्याच्या एका गावात सर्जेराव आणि रज्जाक असे दोन मित्र राहायचे. दोघांचं मिळून एक गॅरेज होतं आणि दोघांना एकच वेड होतं, साध्या पगारदाराला परवडेल अशी स्पोर्ट्स कार बनवायची. गाव हसायचं. हसणाऱ्याचं काय जातं?

अनेक वर्षं खपून त्यांनी एक गाडी उभी केली. बुटकी, लाल, दोन माणसांची. इंजिन लहानच होतं, पण त्यात पेट्रोलचा फवारा मारणारे इंजेक्टर रज्जाकने बरोबर त्याच्या मापाचे निवडले होते. गाडी काही वाऱ्याशी बोलायची नाही, पण घाट मजेत चढायची. रज्जाक रोज सकाळी तिच्यातूनच वरच्या टपरीवर चहाला जायचा.

ही गोष्ट शहरातल्या एका मोटार कारखान्याच्या मालकीणबाईंच्या, वसुंधराबाईंच्या, कानावर गेली. त्यांचा निरोप आला, "रविवारी येते. गाडी घाट चढताना बघते. पटली तर माझ्या कारखान्यात बनवू." सगळी पुंजी गाडीत गेली होती; नाही पटली तर गॅरेजला कुलूप लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पण सर्जेरावच्या मनात वेगळंच सलत होतं. चौकातली पोरं गाडीभोवती जमायची आणि विचारायची, "टर्बो हाय का?" नाही म्हटलं की, "मग कसली स्पोर्ट्स कार!" म्हणून चालू लागायची. ते त्याला फार झोंबायचं. शेवटी त्याने कुठूनसा एक जुना टर्बो पैदा केला.

रज्जाक म्हणाला, "सर्जा, टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो. हवा वाढली की पेट्रोलही वाढायला पाहिजे. आपले इंजेक्टर तेवढं देणार नाहीत. भूक वाढवायची आणि ताट तेवढंच ठेवायचं, हे कुठलं शहाणपण?"

"मग मोठे इंजेक्टर घालू की."

"घाल. मग पंप बदल, आतला सगळा संसार बदल. गाडी झकास होईल, पण पगारदाराची राहणार नाही."

सर्जेरावने मान डोलावली. मान डोलावणाऱ्या माणसाला पटलेलंच असतं असं नाही.

रज्जाक मामेबहिणीच्या लग्नाला परगावी गेला, तेवढ्यात सर्जेरावने टर्बो बसवून टाकला. इंजेक्टर तेच ठेवले. रविवारी रज्जाक परतला, तेव्हा वसुंधराबाई येऊन उभ्या होत्या आणि सर्जेराव गाडीत बसून त्यांना टर्बोची शिट्टी ऐकवत होता.

"काढ ते," रज्जाक हळूच म्हणाला.

"आजच्या दिवस राहू दे गड्या. उद्या काढतो."

रज्जाकने कपाळावर हात मारला.

गाडी सुटली. पहिलं वळण तिने असं घेतलं की बघणारे बघतच राहिले. टर्बोची शिट्टी घाटभर घुमली. कडेला उभी असलेली पोरं ओरडली, "वा रे पठ्ठ्या!" तिसऱ्या वळणाआधी इंजिनातून डब्यात खडे वाजावेत तसा आवाज येऊ लागला. सर्जेराव हाडाचा मेकॅनिक, त्याने तो लगेच ओळखला. ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल सोडला असता तर इंजिन वाचलं असतं. पण मग शिट्टी बंद पडली असती, आणि वळणावर सगळं गाव उभं होतं. त्याने पाय आणखी दाबला.

भक्कन धूर निघाला आणि गाडी थांबली. हवा जास्त आणि पेट्रोल कमी, त्यामुळे आत एवढी उष्णता झाली की पिस्टनला भोक पडलं.

वसुंधराबाई तिथवर आल्या. त्यांनी विचारलं, "हा टर्बो बसवण्याआधी गाडी वरपर्यंत जायची का?"

रज्जाक म्हणाला, "रोज जायची, बाई. मी चहाला जायचो."

"मी तीच गाडी बघायला आले होते," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

सर्जेराव रस्त्यातच मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. रज्जाकने त्याला उठवलं. मग दोघांनी ती गाडी उतारावरून खाली आणली आणि तिथून ढकलत गॅरेजपर्यंत नेली. वाटेत चौक लागला. पोरं आता तिथे परत जमली होती, पण त्यांच्यातलं एकही पुढे आलं नाही.

तात्पर्य: लोकांच्या वाहवेसाठी आपल्या हातचं चांगलं काम बिघडवू नये. टाळ्या वाजवणारे हात गाडी ढकलायला येत नाहीत.