गुंजूची वाट आणि कटरचे दात

एक होती गुंजू. लावीचं पिल्लू. एवढंसं! मुठीत धरलं तरी मूठ रिकामीच वाटेल.

लावी पाखरं जमिनीवर पळतात. गुंजू तर सारखीच पळायची. तुरुतुरु तुरुतुरु! उभी राहिली तरी पाय हलायचे.

बागेत होतं मेंदीचं कुंपण. लांबच लांब. खाली होतं एक भोक. भोकाच्या पलीकडे गवत. गवतात गोड गोड बी. रोज सकाळी आई पुढे, पिल्लं मागे. एक, दोन, तीन, चार, पाच... आणि सगळ्यात शेवटी गुंजू.

एक दिवस काय झालं? आई गेली. पाच पिल्लं गेली. आता गुंजू जाणार, तेवढ्यात—

सर्रर्र... धप्प!

वाढलेली मेंदी खाली वाकली. भोक बंद!

आई पलीकडे. गुंजू अलीकडे.

"आई! चिक् चिक्! आई!"

"गुंजू! वर घार फिरतेय गं," पलीकडून आई म्हणाली. "पाच जणांना पंखाखाली धरलंय. त्यांना सोडून कशी येऊ? तूच ये. लवकर ये!"

गुंजूने वर पाहिलं. घार. गोल गोल. गोल गोल. 

गुंजू इकडे पळाली. ती तिकडे पळाली. मग मेंदीपुढे उभी राहिली. पाय हलतच होते.

"मेंदीताई, मेंदीताई, वाट दे ना!
आईकडे मला जाता येईना!"

"नाही गं बाई," मेंदी म्हणाली. "फांद्या झाल्या जड. मला नाही उचलवत. कटरने फांद्या कापल्या, तर वाट देईन."

निघाली गुंजू. तुरुतुरु तुरुतुरु!

पत्र्याच्या शेडमध्ये होता कटर. मेंदी छाटायचं यंत्र. लांब नाक. नाकाला दोन्हीकडे दातच दात.

"कटरदादा, कटरदादा, फांद्या काप ना!
मेंदी वाट देईना,
आईकडे मला जाता येईना!"

"नाही गं बाई," कटर घोगऱ्या आवाजात म्हणाला. "दात झाले बोथट. फांदी कापत नाही, नुसती चघळतो. कानशीने दात घासले, तर फांद्या कापीन."

निघाली गुंजू. तुरुतुरु तुरुतुरु!

खिळ्याला लटकली होती कानस. लोखंडाची. अंगभर खरखरीत.

"कानसआत्या, कानसआत्या, दात घास ना!
कटर फांद्या कापेना,
मेंदी वाट देईना,
आईकडे मला जाता येईना!"

"नाही गं बाई," कानस खरखरली. "त्या दातांवर वाळलाय चीक. चिकट चिकट! माझ्याच अंगाला बसेल. ब्रशाने चीक काढला, तर दात घाशीन."

निघाली गुंजू. तुरुतुरु तुरुतुरु! डब्यात होता ब्रश. पूर्वी तो बागेतल्या माळीणमावशीचे दात घासायचा. आता म्हातारा झाला होता. केस सगळे विस्कटलेले.

"ब्रशमामा, ब्रशमामा, चीक काढ ना!
कानस दात घासेना,
कटर फांद्या कापेना,
मेंदी वाट देईना,
आईकडे मला जाता येईना!"

"नाही गं बाई," ब्रश म्हणाला. "चीक झालाय दगडासारखा. माझे उरलेले केसही जातील! बुधलीने तेल सोडलं, तर चीक काढीन."

पलीकडून हाक आली, "गुंजू! निघालीस का?"

"निघाले, आई, निघाले!"

तुरुतुरु तुरुतुरु! फळीखाली बसली होती तेलाची बुधली. पोट गोल. चोच लांब. चोचीवर घट्ट टोपण.

"बुधलीआजी, बुधलीआजी, तेल सोड ना!
ब्रश चीक काढेना,
कानस दात घासेना,
कटर फांद्या कापेना,
मेंदी वाट देईना,
आईकडे मला जाता येईना!"

"म्म्म म्म्म म्म्म," बुधली म्हणाली. तोंडच बंद ना! गुंजू कान लावून ऐकू लागली. "म्म्मावशीने टोपण काढलं, तर तेल सोडीन."

निघाली गुंजू. तुरुतुरु तुरुतुरु!

नळापाशी होती ठकूमावशी. बागेची माळीण. झाडांना पाणी घालत होती. पायाशी कोण नाचतंय, म्हणून तिने वाकून पाहिलं.

"मावशी, मावशी, टोपण काढ ना!
बुधली तेल सोडेना,
ब्रश चीक काढेना,
कानस दात घासेना,
कटर फांद्या कापेना,
मेंदी वाट देईना,
आईकडे मला जाता येईना!"

"अगं बाई! एवढंसं पिल्लू आणि एवढं मोठं गाऱ्हाणं!" मावशी म्हणाली. "पण नाही गं बाई. कटर चावतो. हे बघ." मावशीने बोट दाखवलं. बोटावर पांढरी रेघ. "हातमोजा घातल्याशिवाय मी कटरला हात लावत नाही. एक मोजा आहे. दुसरा ढब्बूने पळवलाय. ढब्बूने मोजा दिला, तर टोपण काढीन."

ढब्बू म्हणजे कुत्रा! गुंजूचे पाय थांबले. पहिल्यांदाच थांबले.

"कुत्रा गं, मावशी?"

"कुत्राच. चावत नाही. पण उठतही नाही."

गुंजूने वर पाहिलं. घार खाली आली होती. आणखी गोल. आणखी खाली.

निघाली गुंजू. तुरु... तुरु... तुरु...

पायरीवर झोपला होता ढब्बू. पोटाखाली मोजा. घुर्रर्र घुर्रर्र!

"ढ... ढब्बूदादा, ढब्बूदादा, मोजा दे ना!
मावशी टोपण काढेना,
बुधली तेल सोडेना,
ब्रश चीक काढेना,
कानस दात घासेना,
कटर फांद्या कापेना,
मेंदी वाट देईना,
आईकडे मला जाता येईना!"

ढब्बूने एक डोळा उघडला. "नाही गं बाई. झोप येते," म्हणाला. डोळा मिटला. घुर्रर्र घुर्रर्र!

ढब्बूने दुसऱ्या कुणाचं नावच सांगितलं नाही. आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही.

गुंजू ढब्बूभोवती पळाली. एक फेरी. दोन फेऱ्या. तीन फेऱ्या. तेवढ्यात पलीकडून आईची हाक आली. "गुंजू..." फार बारीक आवाज. थरथरता आवाज.

गुंजूने डोळे घट्ट मिटले. चढली ढब्बूच्या शेपटीवर. तुरुतुरु! शेपटीवरून पाठीवर. तुरुतुरु! पाठीवरून डोक्यावर. तुरुतुरु! डोक्यावरून थेट नाकावर. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

"हीऽ हीऽ हीऽ! नको गं! गुदगुल्या होतात! आ... आ... आक्छी!"

टुण्णकन उठला ढब्बू. गुंजू उडाली, गवतात पडली. ढब्बूने मोजा तोंडात धरला आणि मावशीच्या पायाशी टाकला. "घे बाई तुझा मोजा. पण ह्या पोरीला आवर!"

मावशी हसली. दोन्ही हातांत मोजे घातले. शेडमध्ये गेली. आधी कटरची विजेची पिन काढली. "पिन काढल्याशिवाय दातांना हात नाही हं लावायचा," म्हणाली.

मग टोपण काढलं. पट्!

बुधलीने तेल सोडलं. टप् टप् टप्.

"झालं?" गुंजूने विचारलं.

"थांब गं. तेल मुरू दे."

"आता झालं?"

"अगं, थांब!"

गुंजू कटरच्या या टोकाला पळाली. त्या टोकाला पळाली. परत या टोकाला आली. हळूहळू चीक मऊ झाला. ब्रशाने चीक काढला. खसखस खसखस! कानशीने दात घासले. सर्र... सर्र... एकेक दात. एकाच बाजूने.

"किती दात राहिले, मावशी?"

"चार."

सर्र...

"आता?"

"तीन!"

तोवर घार खाली खाली आली. थेट झाडाच्या शेंड्यापर्यंत. आईची हाक थांबली.

"मावशी! आई बोलत नाही! मावशी, लवकर!"

मावशी उठलीच. शेवटचा दात. सर्र! तेलाचा एक थेंब. टप्! पिन लावली. एका हातात कटर, एका हातात काठी. काठीने मेंदी हलवली. "आत कुणी असाल तर बाजूला व्हा रे, बाळांनो!"

बटण दाबलं.

घर्रर्रर्रर्र!

केवढा आवाज! घार दचकली. पंख फडफडवत निघाली. तळ्यावरून गेली. टेकडीवरून गेली. दिसेनाशी झाली.

घर्रर्रर्रर्र! कटरने फांद्या कापल्या. इकडे पाला. तिकडे पाला. गुंजूच्या डोक्यावर पाला. मेंदी हलकी झाली. "हुश्श!" म्हणाली आणि उभी राहिली.

मेंदीने वाट दिली.

मावशीने बटण बंद केलं. "जा गं बाई आता."

गुंजू निघाली. तुरुतुरुतुरुतुरुतुरु!

पलीकडे गवतात आई बसली होती. अगदी गप्प. अगदी चपटी. घारीला दिसू नये म्हणून श्वाससुद्धा धरलेला. गुंजूला पाहिलं आणि तिने पंख उचलला. गुंजू आत घुसली.

"सरक ना!" एक पिल्लू म्हणालं.

"माझा पाय!" दुसरं म्हणालं.

आईने गुंजूच्या डोक्यावरचा पाला चोचीने काढला. तिला कुरवाळलं. पुन्हा कुरवाळलं. "कुठे होतीस गं एवढा वेळ?"

"कुत्र्याच्या नाकावर," गुंजू म्हणाली.

"कुठे?"

पाचही पिल्लांनी पंखाखालून माना बाहेर काढल्या. गुंजू सांगू लागली. आई ऐकू लागली.

मेंदी झाली हलकी,
गुंजू गेली पलीकडे.
आईच्या पंखाखाली
गोष्ट बसली दडून!