लाखाला एक फांदी कमी

माझं पहिलं मूल सात महिन्यांचं असताना तालुक्याच्या दवाखान्यात पडलं होतं, तेव्हा मी आमच्या महादेवाला बेलाची लाखोली बोलले होते. ती वाहिलीही. गावच्या रिवाजाप्रमाणे एक फांदी राखून वाहिली. मूल राहिलं नाही. त्या फांदीचा तेव्हा मला इतका राग आला की कोयता घेऊनच मी परसात गेले. सासूबाईंनी दंडाला धरून मला मागच्या पायरीवर बसवलं, कोयता आपल्या मांडीखाली घेतला आणि ही हकिकत सांगितली. त्याला आता एकतीस वर्षं होतील.

तुम्ही एवढ्या लांबून बेल घेऊन आलात आणि गुरवानं तो वाहू दिला नाही, म्हणून खट्टू झालात. दरवर्षी कुणी ना कुणी होतंच. बसा घटकाभर. तुमची एस.टी. उन्हं कलल्याशिवाय येत नाही.

आमच्या निंबसरच्या महादेवाला लोक उघडा महादेव म्हणतात. गुढीपाडव्यापासून आषाढ लागेपर्यंत त्याच्या पिंडीवर बेलाचं पान पडत नाही. पाणी घालतो, भस्म लावतो, बस. आणि इथली लाखोली कधी पुरी होत नाही. नव्याण्णव हजार पानं देवळात जातात आणि शेवटच्या हजाराची फांदी झाडावरच राहते. बाहेरगावचे भटजी येतात ते म्हणतात, हे कुठल्या पोथीत आहे? पोथीत नाही, बाबा. परसात आहे.

फार पूर्वी, म्हणजे या देवळाला कळस नव्हता तेव्हा, पलीकडच्या आळीत चिमाई नावाची बाई नांदत होती असं सांगतात. नवरा बैलांच्या तांड्याबरोबर मीठ आणायला कोकणात उतरलेला. घरात ती, सासू येसाई आणि चार वर्षांची मुलगी बकुळा. बकुळेच्या आधीची दोन मुलं चिमाईनं मातीला दिली होती. त्यामुळे त्या वर्षी चैत्रात बकुळेला ताप भरला आणि आठ दिवस झाले तरी उतरेना, तेव्हा ती वैद्याकडे धावली. वैद्यानं काढा दिला. पोर पेजेचा घोटसुद्धा ठेवीना. मग रामनवमीच्या दिवशी ओल्या लुगड्यानं चिमाई देवळात उभी राहिली आणि बोलली, की लाख पानं वाहीन, अखंड, तीन दळांची, आणि माझ्याच परसातल्या बेलाची वाहीन. दुसऱ्याच्या झाडाचं एक पान घेणार नाही.

तिच्या परसात तीन बेल होते. दोन मोठे, कौलाच्या वर गेलेले. तिसरा धाकटा, पुरुषभर उंचीचा पण दाट, आणि काट्यांनी भरलेला.

रोज दोन हजार पानं. पहाटे उठायचं, शिडी लावायची, पान पान निरखून खुडायचं, किडकं टाकायचं, परडी भरून देवळात न्यायची. गुरव मोठा काटेकोर होता. हजार पानं झाली की एक चिंचोका मडक्यात टाकायचा. दिवसाला दोन चिंचोके. चिमाईच्या हातांना काट्यांनी जाळी पडली होती म्हणे.

बकुळेला मागच्या पडवीत घोंगडीवर निजवलेलं असायचं. तिथून समोर धाकटा बेल दिसायचा. त्यात कमरेएवढ्या उंचीवर बुलबुलाच्या जोडीनं घरटं बांधायला घेतलं. पोरीला दुसरं करायचं तरी काय? ती दिवसभर तेच बघायची. शेंडीवाली आली, शेंडीवालीनं काडी आणली, शेंडीवाली आता बसून राहिली. पुढे अंडी फुटली आणि तीन चोची वर आल्या. येसाई मोठी हुशार म्हातारी. बुलबुल चारा घेऊन आला की ती बकुळेच्या ओठाला पेजेची वाटी लावायची आणि म्हणायची, "ते बघ, त्यांचा घास झाला. आता तुझा." आणि पोर तो घोट गिळायची. ताप होता तसाच होता, पण घोट पोटात राहू लागला.

इकडे दोन्ही मोठे बेल खराट्यासारखे झाले. त्र्याण्णव चिंचोके पडले होते. वैशाख सरत आला होता. चिमाईनं शिडी उचलून ठेवली आणि परडी घेऊन धाकट्या बेलापाशी गेली.

घरटं तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पहिल्या दिवशी तिनं लांबच्या बाजूची पानं घेतली, दुसऱ्या दिवशी कडेची. येसाई पायरीवर बसून बघत होती. तिनं सांगून पाहिलं, की पाटलांच्या बेलाची चार परड्या पानं आण आणि मोकळी हो. चिमाई ऐकेना. तेव्हा म्हातारी म्हणाली, "अगं, महादेव काय पानाच्या देठावर झाडाचं नाव वाचतो?"

"तो वाचत नसेल आत्याबाई," चिमाई म्हणाली. "पण मी बोलून बसलेय ना. उद्या पोरीचं काही झालं तर मला तेच आठवेल."

ज्यानं पोटच्यासाठी नवस बोलला आहे त्याला विचारा, एका पानाचं भय काय असतं ते.

तिसऱ्या दिवशी घरट्याच्या वरची पानं निघाली. नव्याण्णव भरले. आता उरली ती घरट्याचीच फांदी, आणि घरटं उघडं, ताटात ठेवल्यासारखं. उद्या एवढं हजार झालं की सुटले, असं म्हणत चिमाई परडी कमरेवर घेऊन वळली, तर परसाच्या कुंपणावर भारद्वाज.

तुम्हाला ठाऊकच आहे, भारद्वाज दिसणं म्हणजे केवढा शकुन. तांबूस पंख, लाल डोळा, आणि चाल कशी, तर एखाद्या वतनदारासारखी. लाखोलीचा नव्याण्णवावा हजार आणि समोर भारद्वाज. चिमाईनं परडी खाली ठेवली, हात जोडले आणि बकुळेला म्हणाली की बघ गं, भारद्वाज आला, आता तू बरी होणार. पोरीनंही घोंगडीतून आपले काडीसारखे हात बाहेर काढून जोडले.

भारद्वाज कुंपणावरून उतरला. दोन पावलं टाकली, थांबला, पुन्हा दोन टाकली. चिमाई हलली नाही. शकुनाच्या पाखराला हुसकावू नये, त्याच्या वाटेत येऊ नये, हे तिला आईनं शिकवलं होतं. तो बेलाच्या बुंध्याशी आला, काट्यांतून वर चढला. तोवर बुलबुलं किंचाळायला लागली होती. आणि चिमाईचे हात जोडलेलेच होते.

"आई, हाकल ना त्याला," बकुळा म्हणाली.

एवढंच. चिमाईला कळेपर्यंत एक पिल्लू गेलं होतं. ती धावली तोवर दुसरं त्याच्या चोचीत होतं. भारद्वाज जड पंखांनी उडून पलीकडच्या बांधावर गेला. त्याला काय दोष द्यायचा? त्याच्याही घरट्यात कुणी असेल. पण बकुळेनं भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळची पेज तिनं घेतली नाही, दुसऱ्या दिवशीची सकाळचीही नाही. पुढे येसाई बळंच घोटभर पाजायची, तेवढंच.

घरट्यात एक पिल्लू उरलं होतं. वर पान नाही आणि वैशाखाचं ऊन. चिमाईनं काय केलं असेल, तर देवासाठी खुडलेली आदल्या दिवशीची पानं देवळातून परत मागून आणली आणि काट्यांना सुतानं बांधायला बसली. एकेक पान. तासाभरात ती सुकून गुंडाळली गेली. मग तिनं लुगड्याचा धडपा वर टाकून पाहिला, तर त्याच्या फडफडीला भिऊन बुलबुल जवळ येईनात. तो काढला. माणसाला पान खुडता येतं, लावता येत नाही, हे त्या दिवशी तिला कळलं असं सासूबाई म्हणायच्या.

मग ती नुसती उभी राहिली. सूर्य डोक्यावर असताना तिचा काही उपयोग नव्हता. पिल्लू चोच वासून पडायचं आणि ती बघत राहायची. ऊन जरा कललं की ती अशा बेतानं उभी राहायची की तिची सावली घरट्यावर पडावी. सूर्य सरकेल तशी सरकायची. फार जवळ गेली तर बुलबुल येत नाहीत, फार लांब राहिली तर सावली पोचत नाही. तेवढ्या अंतरावर, अनवाणी. शेजारणी कुंपणावरून हसल्या म्हणे, की चिमाई बुजगावण्याच्या नोकरीला लागली. हसल्या, आणि एक जण तिच्यासाठी ताकाचा तांब्याही ठेवून गेली. गाव असंच असतं.

त्या दिवशी लाखोलीला परडी गेली नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. तेव्हा गुरव स्वतः परसात आला. हातात शंभरावा चिंचोका. त्यानं समजावलं, की नव्याण्णव झाले आहेत, घरात पोर अशी आहे, आता मोडू नकोस. फांदी समोरच आहे, मी खुडू लागतो.

चिमाईनं मान वळवली नाही. सावली हलली असती. "गुरवबाबा, तो चिंचोका तुमच्याकडेच राहू द्या," ती म्हणाली. "देवाला सांगा, माझे हात गुंतलेत."

गुरव घुटमळला. त्यानं पडवीत पोरीकडे पाहिलं, बेलाकडे पाहिलं, आणि चिंचोका मुठीत धरून निघून गेला. त्या रिकाम्या देवळात जाऊन त्यानं काय सांगितलं ते त्याचं त्याला ठाऊक.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी, नेमकं ऊन डोक्यावर असताना, देवळाच्या अंगणातून वावटळ उठली असं सांगतात. पन्नास दिवसांचं निर्माल्य तिथं ढिगानं पडलेलं होतं. ते सगळं वर गेलं. पिंडीवरची पानंही गेली, एक राहिलं नाही. धुळीचा तो खांब फिरत फिरत आळीतून आला आणि चिमाईच्या परसात शिरला. चिमाई दाराशी होती. येसाईनं तिला मागून कव घालून धरलं, कारण ती झाडाकडे धावत सुटली असती आणि धावून काही होणार नव्हतं. दोघींनी डोळे मिटून घेतले. बकुळा मात्र बघत होती म्हणे.

धूळ बसली तेव्हा धाकटा बेल भरलेला होता. सुकलेली, पिवळी, तपकिरी बेलपानं त्याच्या काट्याकाट्यात रुतून बसली होती, फांदीवर फांदी, घरट्यावर तर छपरासारखी. वाहिलेलं देवानं परत केलं होतं. काट्यांनी ते धरून ठेवलं.

पाच दिवसांनी पिल्लू घरट्याच्या काठावर आलं. शेपूट नाही, शेंडी नाही, नुसता कापसाचा बोळा. आई-बाप कुंपणावर बसून बोलवत होते. ते उडालं आणि जमिनीवरच पडलं. चिमाईला वाटलं उचलावं. पण उचलून ठेवायचं कुठं? घरट्यात ते राहणार नव्हतं. मांजर कुठं आहे ते बघायला येसाईला पाठवून ती जागीच उभी राहिली. पिल्लानं दोन उड्या मारल्या, पुन्हा पडलं, मग फडफडत कुंपणाच्या निवडुंगात शिरलं. आई-बाप मागोमाग गेले. थोडा वेळ आवाज येत राहिला, मग तोही लांब गेला. पुढे त्या पिल्लाचं काय झालं ते कुणाला माहीत नाही. परसातून गेलेल्याचं कळत नाहीच.

बकुळा पडवीच्या काठापर्यंत सरपटत आली होती. "गेलं," ती म्हणाली, आणि मग म्हणाली की भूक लागली.

ती जगली. तिचा ताप ज्येष्ठात उतरला, तिचं लग्न झालं, ती म्हातारी होऊन मेली. मग नवस फळला का, असं लोक मला विचारतात. मी काय सांगू? पिल्लासाठी उभी राहिली म्हणून पोर वाचली असा सौदा यात मला तरी दिसत नाही. दोन पिल्लं गेली ती गेलीच, त्यांच्या आईनं कुणाला काय नवस बोलला असेल कोण जाणे. आपल्या हातात फार थोडं असतं. सावलीएवढं असतं, आणि तीही ऊन कलल्यावर. तरी माझी श्रद्धा आहे, की जिथं हात पोचत नाही तिथं कुणीतरी बघत असतं. नाहीतर इतक्या आया जगल्याच नसत्या.

आजही पाडव्यानंतर आमच्या परसांत कुठल्याही झाडावर घरटं दिसलं की त्या झाडाचं फूल, पान, डहाळी कुणी तोडत नाही. घरच्या पूजेला अक्षता पुरतात. आणि आजही इथं भारद्वाज दिसला की आम्ही आधी मोठ्यानं टाळी वाजवतो, मग हात जोडतो. नव्या सुना हसतात, शिकतात.

तुमची गाडी आली वाटतं. बेल परत न्या, घरच्या देवाला वाहा. एवढं मात्र माझ्यासाठी करा. तुमच्याकडे परस नसेल, कुंडीत एखादं झाड असेल, त्यावर कुणी बिऱ्हाड केलं तर ती एक फांदी सोडा. आणि कधी भारद्वाज दिसला, तर हात जोडायच्या आधी तो कुठं निघालाय ते बघा, आणि एक टाळी वाजवा.