रिकामी टोपली

एक होता राजा. त्याला सात मजली महाल बांधायचा होता, आणि त्यासाठी दगड हवा होता काळ्या डोंगराचा. पण त्या डोंगरावर एक पाडा होता, बरं का. तिथं बुधी नावाची म्हातारी राहायची. पाडा तिचं ऐकायचा.

पाड्याची एक रीत होती. दारी आलेल्याला तोंडावर 'नाही' म्हणायचं नाही. मधोमध टोपली ठेवायची. हो असेल तर घरटी मूठभर नागली टाकायची. नसेल तर गप्प बसायचं.

मग राजाचा कारभारी आला. "डोंगर देता का?" सगळे गप्प. टोपली रिकामी. आठ दिवसांनी पुन्हा आला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आला, तेव्हा बुधीनं टोपली उलटी करून दाखवली.

कारभारी हसला. "कुणी काही बोलत नाही ना? म्हणजे हो!"

दुसऱ्या सकाळी बुधी झऱ्यावर गेली, तर काय! पन्नास माणसं, पहारी घेऊन! तिच्या हातून घागरच सुटली.

"अरे, आम्ही नाही म्हटलं होतं!"

"कधी म्हटलंस, म्हातारे?" पुढे उभा कारभारी म्हणाला.

बुधीला कळेचना. तीन वेळा म्हटलं होतं की!

मग पहिली पहार पडली. आवाजच नाही! झरा वाहतोय, पण मुका. कोंबडा मान ताणतोय, पण मुका. आणि तिकडे राजानं पाणी मागितलं, तर तोही मुका! बोलता येत होतं ते फक्त पाड्याच्या माणसांना. राजा घाबरून तसाच डोंगरावर धावत आला.

बुधीनं त्याला आधी पेज दिली. मग विचारलं, "राजा, तुझा वाडा देतोस? आम्हाला गुरं बांधायचीत." राजा गप्प. "घोडा देतोस?" गप्प. "मुकुट? कोंबडी अंड्यांवर बसवायला बरा आहे." गप्प.

"बोलत नाहीस ना? म्हणजे हो!"

राजाचे डोळे पांढरे झाले. त्यानं दोन्ही हातांनी मुकुट घट्ट धरला. तेवढ्यात त्याला ती उलटी टोपली दिसली. त्यानं टोपलीकडे बघितलं, बुधीकडे बघितलं, आणि हात हलवून पहारी खाली ठेवायला लावल्या. तशी त्याला वाचा फुटली.

"म्हणजे... तुम्ही नाही म्हणत होता?"

"तीनदा," बुधी म्हणाली.

मग झरा खळखळला, कोंबडा आरवला. डोंगर जागच्या जागी राहिला. कारभाऱ्याला मात्र राजानं महिनाभर पाड्यावर ठेवलं, गप्प बसायला शिकायला. आणि सगळी सुखानं नांदली.

आता दिवा मालवू का रे, पोरांनो?

गप्प?

बरं, मग राहू दे तेवता.