राजदोर आणि घोड्याची शेपटी

चिंचगडच्या राजे रुद्राजीरावांच्या गळाला मासा लागत नव्हता, म्हणून नदीकाठच्या भोयांच्या चुली विझल्या होत्या.

या दोन गोष्टींचा संबंध दिवाण भिकोपंतांनी लावून दिला होता. राजांना मासेमारीचा नाद लागला, तेव्हा पंतांनी रेशीमकाम करणाऱ्या पाटवेकऱ्याकडून खास राजदोर वळून घेतला. लाल रेशमाचा, जरीचा, करंगळीएवढा जाड. महाराजांना गांडुळाला हात लावणं खपत नसे, म्हणून गळाला कोंबड्याचं पीस बांधून खोटा किडा केला. किडा फार देखणा होता. फक्त त्याच्यासोबत राजदोर पाण्यावर असा आपटायचा, की कुणाला वाटावं घाटावर घोंगड्या धुताहेत.

"महाराजांना पाहून मासे अदबीने तळाशी जातात," पंत सुरुवातीला म्हणाले.

माशांची अदब काही कमी होईना. तेव्हा पंतांना दुसरं कारण सुचलं. "भोयांच्या जाळ्यांनी मासे बुजलेत."

झालं! हुकूम सुटला. राजदोराने मासा निघेपर्यंत नदीत कुणी जाळं टाकायचं नाही.

भोयांच्या अंगणात जाळी वाळू लागली आणि घरात माणसं. शेवटी मेंगू भोयाची लेक भिवरा दरबारात येऊन उभी राहिली.

"सरकार, मासा मी लावून देते. नदी मोकळी करा."

"म्हणजे गळ तू टाकणार?" राजांनी विचारलं.

"छे. गळ सरकारच टाकणार. दोरही हाच. मी फक्त त्याची थोडी डागडुजी करीन."

"राजदोराची डागडुजी?" भिकोपंत पुढे सरसावले. "ऐक पोरी. त्याचा एक धागा जरी कापलास, तर सगळ्या भोयांना गाव सोडावं लागेल. आणि मासा लागला नाही तरीही."

"चालेल," भिवरा म्हणाली. "नाहीतरी उपाशी माणूस गावात किती दिवस टिकतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे नदीवर जमले. भिवराने कमरेला खोचलेलं मेण काढलं आणि राजदोराला चोळायला घेतलं.

"अगं, राजदोराला मेण लावतेस?" पंत कळवळले.

"दोर पाणी पितो, जड होतो, बुडतो. मेणाने तरंगेल. तुम्ही रोज सरकारांना लोणी लावता, तेव्हा कुणी असं ओरडतं का?"

राजांनी मिशीवरून हात फिरवला. हसू दडवायचं असलं की ते मिशीवरून हात फिरवत.

मग तिने राजांच्या पांढऱ्या घोड्याच्या शेपटीचे लांब केस मागून घेतले. त्यांची वेणी वळली. राजदोराच्या टोकाला बांधली तिथे ती जाड होती. पुढे भिवरा केस कमी करत गेली, आणि दोन पुरुष लांबीवर नुसतं केसांचं बारीक टोक उरलं. त्या टोकाला तिने पिसाचा किडा बांधला.

"ही उतरती वेणी कशाला?" राजांनी विचारलं.

"सरकारांच्या हाताचा झटका मोठा. तो जाडातून बारीकात हळूहळू उतरला, की किडा आपटत नाही, अलगद बसतो. आणि शेवटचं टोक माशाला दिसत नाही."

राजांनी वेळूची काठी फिरवली. दोर हवेत उलगडला, मागोमाग वेणी उलगडली आणि पिसाचा किडा पाण्यावर खऱ्या किड्यासारखा टेकला. पाणी फुटलं. काठी वाकली.

"ओढू नका सरकार! जाऊ द्या त्याला, दमू द्या!"

राजांनी जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी मनासारखं जाऊ दिलं. बऱ्याच वेळाने हातभर लांबीचा खडशी मासा काठावर आला. भोयांनी जाळी खांद्यावर घेतली.

"थांबा," भिकोपंत म्हणाले. "मासा लागला घोड्याच्या शेपटीला. राजदोर तर त्याच्यापासून दोन पुरुष लांब होता. हुकूम राजदोराचा आहे, महाराज. भोयांनी गाव सोडावं."

राजांचा चेहरा उतरला. "हुकूम तसाच आहे खरा," ते पुटपुटले. मेंगू भोयाने खांद्यावरचं जाळं परत वाळूत ठेवलं.

"दिवाणजींचं बरोबर आहे," भिवरा म्हणाली. "एक विचारू, सरकार? आमच्या घरी पट्टी मागायला आपण कधी आलात?"

"मी कशाला येईन?"

"नाहीच येत. आपण सांगता दिवाणजींना, दिवाणजी सुभेदाराला, सुभेदार पाटलाला, आणि पाटील धाडतो एक किडमिडीत शिपाई. आपण हत्तीवरून आला असता, तर आम्ही केव्हाच रानात पळालो असतो. शिपाई मात्र इतका बारीक, की दारात कधी येऊन उभा राहिला ते कळतच नाही. पैसा लागतो तो त्याच्या हाताला."

"बरं, मग?"

"मग दिवाणजींच्या न्यायाने तो पैसा शिपायाचा. आपण तर त्या दारापासून कितीतरी कोस लांब होतात. सगळा खजिना शिपायांना वाटून टाका. भोई गाव सोडतात."

मग राजांचा हात मिशीकडे निघाला, पण या वेळी हसू त्याच्या आधीच बाहेर पडलं. ते इतके हसले की काठी हातातून गळाली.

"बोला पंत," डोळे पुसत त्यांनी विचारलं, "काय उघडायचं? खजिना की नदी?"

"नदी, महाराज," पंत घाईघाईने म्हणाले.

"आणि भोयांना वर्षभर पट्टी माफ. पोरी, तुला काय हवं ते माग."

भिवराने माशाकडे पाहिलं. "हा वाड्यावर न्यायचाय. राजाचा मासा भोयाच्या डोक्यावर शोभत नाही, सरकार. दिवाणजींसारखं मोठं डोकं पाहिजे."

राजे पुन्हा हसू लागले. मासा अजून पुरता मेला नव्हता. वाड्यापर्यंतच्या वाटेत त्याने शेपटीने पंतांच्या दोन्ही कानांची खबर घेतली, आणि मागे नदीत एकामागून एक जाळी पडत राहिली.