मुंगीएवढी फट

पूर्वी उत्पलनगरात जयंधर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व गुराख्याच्या कुळात जन्मले आणि पुढे गुरांचे वैद्य झाले.

राजाच्या गोठ्याचा प्रमुख होता भद्रक. दर हिवाळ्याच्या तोंडी आयांपासून नुकतीच तोडलेली चाळीस वासरे डोंगरापलीकडून त्याच्याकडे येत. रिवाज असा, की आल्या दिवशीच त्यांच्यावर कमळाचा डाग द्यायचा, गावातून मिरवायचे आणि मग बंद गोठ्यात जुन्या बैलांशेजारी बांधायचे. मागच्या वर्षी त्यातली सतरा खोकून खोकून मेली. भद्रकाने एकेकाला आपल्या हातांनी पुरले. यंदा त्याने गोठ्याच्या उरल्यासुरल्या फटीही शेणमातीने लिंपल्या आणि मनाशी ठरवले, की पुन्हा तसेच झाले तर हे काम सोडायचे.

वासरे यायच्या आदल्या दिवशी बोधिसत्त्व गोठा बघायला आले.

"वैद्यराज, मुंगी शिरेल एवढीही फट ठेवलेली नाही," भद्रक म्हणाला. "वाऱ्याची काय बिशाद."

"जरा खाली बस, भद्रका. वासराचं नाक असतं तितका खाली."

"या वयात रांगायला लावता होय?" भद्रक हसत गुडघ्यांवर टेकला. मुताचा उग्र दर्प त्याच्या नाकाडोळ्यांत शिरला. तो उठला तेव्हा डोळे भरून आले होते, आणि ते नुसते दर्पाने नव्हते.

"म्हणजे मीच कोंडलं त्यांना."

"मायेनं कोंडलंस," बोधिसत्त्व म्हणाले. "आता मायेनंच उघड."

दोघांनी मिळून भिंतींचा वरचा भाग पाडला, बैल दुसरीकडे हलवले, कोरडे गवत अंथरले. हे ऐकून राजा स्वतः आला.

"डागाचा मुहूर्त उद्याचा आहे."

"महाराज, दहा दिवस चालून ती थकलेली असतील. त्यांना आधी पाणी, चारा आणि झोप हवी. तीन आठवड्यांनी डाग दिला तरी कमळच उमटेल."

"आणि मिरवणूक?"

"जुने बैल मिरवा. त्यांनाही कधीतरी मान मिळू दे."

राजाला हसू आले आणि त्याने रुकार दिला.

वासरे आली, तसा भद्रक रोज पहाटे त्यांच्यामधून हिंडे. कान पडलेले, चाऱ्याला तोंड न लावणारे दिसले की ते वेगळे बांधून वैद्यांना हाक मारी. एक वासरू गेले. त्याच्याजवळ भद्रक शेवटपर्यंत बसून होता. एकोणचाळीस राहिली, आणि तीन आठवड्यांनी डाग देऊन त्यांनाही मिरवले तेव्हा ती अशी उधळली, की राजालाच बाजूला व्हावे लागले. भद्रकाने पुढे म्हातारपणापर्यंत तो गोठा सांभाळला.

एवढी पूर्वजन्मीची गोष्ट सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता थांबले. समोर विहारातले ज्येष्ठ भिक्षू, स्थविर धम्मिल, बसले होते. दूरदेशीहून आलेल्या नव्या भिक्षूंना ते त्याच दिवशी पाठाला बसवणार होते.

"तेव्हाचा भद्रक म्हणजे हा धम्मिल. राजा जयंधर म्हणजे या विहाराचे दाते. ती वासरे आत्ता अंगणात पाय धूत आहेत. आणि वैद्य मीच होतो."

स्थविर उठले. त्यांनी पाठासाठी मांडलेली आसने उचलून ठेवली आणि ते खिडकीशी एकेक चटई अंथरू लागले.

नव्याने आलेल्याला आधी श्वास घेऊ द्यावा. या क्षांतीची, म्हणजे धीराची, ही कथा.