फळा कोणी पुसायचा?

एका गावच्या शाळेत एकदा एक नव्या बाई आल्या आणि तिथला दुसरीचा वर्ग गप्प झाला. गप्प म्हणजे किती, तर शेजारच्या वर्गातले सर मधूनच उठून दारातून डोकावत, आत मुले आहेत की सहलीला गेली आहेत हे पाहायला. मुले असत. ओळीने बसलेली, हाताची घडी, तोंडावर बोट. हेडसरांनी शिक्षकांच्या सभेत बाईंचे नाव घेऊन कौतुक केले, तेव्हा ज्यांच्या वर्गात रोज आठवड्याचा बाजार भरे त्यांनी माना खाली घातल्या.

या बाईंचे नाव विशाखा. गाव तिचे स्वतःचे आणि शाळाही तिचीच. याच खोलीत, खिडकीखालच्या बसकरपट्टीवर, ती लहानपणी दुसरी शिकली होती. पुढे शिक्षण झाले, शहरालगतच्या मोठ्या शाळेत नोकरी लागली. तिथे पंखे होते, रंगवलेल्या भिंती होत्या, कशाला काही कमी नव्हते. तरी वर्गात शिकवता शिकवता तिचे मन या खोलीत येऊन बसे. माणसे गावाहून शहराकडे बदली मागतात. हिने उलटा अर्ज केला, तेव्हा कार्यालयातल्या कारकुनाने काही चूक तर नाही ना म्हणून तिला पुन्हा विचारून घेतले.

तिला ओढ होती ती तिच्या गुरुजींच्या वर्गाची. त्या वर्गात शाळा सुटली तरी मुलांचा पाय निघत नसे. गुरुजी पिशवी खांद्याला लावत आणि सगळा घोळका त्यांच्याबरोबर रस्त्याच्या वळणापर्यंत चाले. गुरुजी दिसेनासे झाले की मग मुलांना भूक लागल्याचे आठवे. आपलाही असा एक वर्ग असावा, एवढीच तिची इच्छा होती. ती काही फार मोठी नव्हती, म्हणूनच ती पुरी होत नाही याचे तिला जास्त वाईट वाटे.

कारण आल्या आल्या तिच्या वाट्याला आले ते भांडण. फळा कोणी पुसायचा, खडू कोणी आणायचे, हजेरीपट हेडसरांकडे कोणी न्यायचा, माठ कोणी भरायचा, घंटा कोणी द्यायची, या प्रत्येक गोष्टीवरून कुस्ती. मोठ्या माणसांत काम टाळण्यावरून भांडणे होतात, दुसरीतल्या माणसांची रीत उलटी असते. एके दिवशी प्रल्हाद आणि यास्मीन डस्टरची दोन टोके धरून ओढू लागले. दोघेही जिद्दीचे. डस्टर सुटले ते तिसऱ्याच एकाच्या कपाळावर जाऊन बसले. हे एवढे टेंगूळ आले, आणि त्याची आई शाळेत येऊन बाईंना चार शब्द ऐकवून गेली.

विशाखाने त्याच दिवशी निकाल लावला. डस्टर कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली तिच्या पर्समध्ये. यापुढे फळा बाई पुसतील, खडू बाई आणतील, वह्या बाई वाटतील, घंटाही बाईच देतील. मुलांनी फक्त शिकायचे. भांडायला काही उरलेच नाही, तेव्हा भांडणेही थांबली. दमणूक मात्र अशी होई की संध्याकाळी तिला बोलवत नसे, पण शिस्त लागली होती आणि तिचे नाव झाले होते.

आणि रोज घंटा झाली की दावे तोडलेल्या वासरांसारखी मुले पळत. ‘सावकाश जा रे’ हे शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत शेवटचे दप्तर फाटकाबाहेर गेलेले असे. ती खडूने माखलेल्या हातांनी खिडकीत उभी राही. एकाने तरी मागे वळून पाहावे, असे तिला वाटे. कुणी पाहत नसे. इतकी वर्षे ज्या खोलीसाठी जीव तुटत होता ती खोली आता तिच्या पायाखाली होती, तरी जीव तुटायचा राहत नव्हता. लांब होती तेव्हा निदान अंतराला दोष देता येत होता. आता तेही गेले. दिवाळीपर्यंत पाहायचे, नाहीतर आल्या वाटेने परत जायचे, असे तिने मनाशी ठरवले.

जाण्यापूर्वी एकदा गुरुजींना भेटावे म्हणून ती त्यांच्या घरी गेली. गुरुजी आता बरेच थकले होते. मुलगा परगावी, पत्नीला जाऊन बराच काळ लोटलेला. अंगणातल्या खाटेवर बसून ते शेंगा फोडत होते.

“ये. बस. चार शेंगा फोड,” ते म्हणाले.

तिने शेंगा फोडता फोडता सगळे सांगितले. मधे रडूही आले, ते तिने शेंगांच्या धुळीवर ढकलले. गुरुजींनी सगळे ऐकून एकच प्रश्न विचारला.

“पोरं भांडतात का गं?”

“आता नाही भांडत.”

“अरेरे,” गुरुजी म्हणाले. मग थोडा वेळ त्यांनी शेंगांतच लक्ष घातले. “उद्या एक दिवस तुझा वर्ग मला दे. कपाटाचं कुलूप काढून ठेव. तू मागं बस, आणि काहीही झालं तरी उठू नकोस.”

दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात आले आणि खुर्चीत बसून राहिले. मुले बोटे तोंडावर ठेवून बसली. बराच वेळ झाला तरी गुरुजी काही बोलेनात. शेवटी म्हणाले, “बऱ्याच दिवसांनी आलोय रे शाळेत. आधी काय करायचं असतं?”

मुलांनी मागे बसलेल्या बाईंकडे पाहिले. बाई काही बोलल्या नाहीत. मग एकाने बोट तोंडावरचे न काढताच सांगितले, “प्रार्थना.”

प्रार्थना झाली. गुरुजी हजेरी घेऊ लागले आणि निम्म्यावर येऊन अडकले. “कुठवर आलो होतो?” मुलांनी सांगितले. खडू समोरच्या टेबलावर असून ते खिशात शोधत राहिले. मुलांनी दाखवला. मग ते उठले आणि फळ्यावर कालची कविता तशीच ठेवून तिच्यावरच बेरजा मांडू लागले. अक्षरांत आकडे मिसळले, हातच्याचा एक कवितेतल्या पाखराच्या पंखावर जाऊन बसला. आधी कुणीतरी फिसकन हसले, आणि मग कुणालाच राहवेना.

“गुरुजी, फळा पुसला न्हाई,” प्रल्हाद म्हणाला आणि कपाटाकडे धावला. यास्मीन त्याच्या आधी पोचली. दोन हात, एक डस्टर. मागे विशाखा निम्मी उठली आणि गुरुजींचा कालचा शब्द आठवून खाली बसली.

गुरुजींनी पाठ फिरवली होती. ते खिडकीतून बाहेरची चिंच पाहत होते. कुणी ओरडत कसे नाही म्हणून दोघे ओढता ओढता थांबले. ओरडायला कुणी नसले की ओढण्यात फारशी गंमत राहत नाही.

“गुरुजी, हा ओढतोय,” यास्मीनने तक्रार केली.

“हो का? मला वाटलं दोघं मिळून पुसताय. वरचं पुसायला माझा हात पुरत नाही गं आता.”

दोघांनी फळ्याकडे पाहिले. वर हात त्यांचाही पुरत नव्हता. प्रल्हादने स्टूल ओढून आणले आणि यास्मीनला वर चढवून ते घट्ट धरून ठेवले. खालचा अर्धा फळा मग त्याने पुसला.

“आता उद्या कोणी पुसायचा?” गुरुजी म्हणाले. “मी तर विसरणार.”

“मी ध्यानात ठेवीन,” सगळा वर्ग एका आवाजात ओरडला. हेडसर काळजीने दारात येऊन उभे राहिले आणि गुरुजींना पाहून परत गेले.

दिवसभर असेच चालले. माठ रिकामा असल्याचे गुरुजींना मुलांनी सांगितले, खिचडीच्या वेळी हात धुवायचे असतात हेही मुलांनीच सांगितले. दुपारनंतर त्यांना खुर्चीतच डुलकी लागली, तेव्हा मुले एकमेकांना ‘श्श’ करत राहिली. त्या ‘श्श’चा आवाज शेजारच्या वर्गात जात होता. शाळा सुटायची वेळ झाली तेव्हा एका मुलीने त्यांना हलवून जागे केले आणि घंटा दिली.

विशाखा मागे बसून पाहत होती. ज्या माणसाने आपल्याला अक्षर शिकवले त्याला आता खडू दिसत नाही. आपण उगाच त्यांना म्हातारपणी ताप दिला, असे तिला वाटले. आणि तेवढ्यात तिने पाहिले की मुले पळालीच नाहीत. ती गुरुजींच्या भोवती गोळा झाली, एकाने त्यांची पिशवी घेतली, आणि तो घोळका रस्त्याच्या वळणाकडे चालू लागला. एका दिवसात. तिला हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाज वाटली.

मुले घरी गेल्यावर ती गुरुजींच्या अंगणात आली. थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलून हळूच म्हणाली, “गुरुजी, आता तुम्हाला फार विसरायला होतं, नाही? डॉक्टरांना दाखवूया का?”

गुरुजी हसले. “तू माझ्या वर्गात होतीस तेव्हा तुझ्याकडं काय काम होतं?”

“तुमचा चष्मा,” ती लगेच म्हणाली. “तुम्ही तो कपाळावर चढवायचात आणि सगळीकडं शोधायचात. मी सांगायचे. एकदा मला ताप होता, आई सोडत नव्हती, तरी मी रडून आले होते. मी नाही गेले तर गुरुजींना चष्मा कोण सांगणार, म्हणून.”

“कपाळावर काय आहे ते माणसाला कळतं गं,” गुरुजी म्हणाले.

ज्या आठवणीच्या जोरावर ती इतकी वर्षे या खोलीची वाट पाहत राहिली होती, ती आठवण कुणीतरी हातातून काढून घ्यावी तसे तिला झाले.

“म्हणजे तुम्हाला माझी गरज नव्हती,” ती म्हणाली.

गुरुजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग ते शांतपणे बोलू लागले.

“चष्म्यासाठी नव्हती. पण तुला यावंसं वाटावं याची मला फार गरज होती. मूल जिथं नुसतं बसतं तिथं त्याचं मन बसत नाही. आपण नसलो तर इथं काहीतरी अडेल, असं ज्या जागेबद्दल वाटतं ती जागा त्याची होते. आणि आपल्या जागेत माणूस स्वतःहून नीट वागतो. तू सगळी कामं स्वतःकडं घेतलीस. वर्ग नीटनेटका झाला, पण त्यात पोरांची जागा उरली नाही. पाहुण्यासारखी येतात, वेळ झाली की जातात. पाहुणा कधी मागं वळून पाहतो का? आणि एक सांगू? पोरं फळ्यासाठी भांडत नव्हती. फळ्यात काय आहे? ती तुझ्यासाठी भांडत होती. तुझ्या उपयोगी कोण पडतं, यासाठी. ज्याची तू वाट पाहत होतीस ते पहिल्या दिवसापासून तुझ्यासमोर झटापट करत होतं, आणि तू ते कपाटात घालून कुलूप लावलंस.”

विशाखाच्या डोळ्यांना धार लागली. या खेपेला तिने शेंगांचे नाव पुढे केले नाही.

“आणि माझं म्हणशील,” गुरुजी पुढे म्हणाले, “तर आधी सोंग होतं. पण जन्मभर तुम्ही पोरांनी आठवण करून दिलीत, तेव्हा ध्यानात ठेवायची माझी सवय गेली. आता घरात चष्मा खरोखरच शोधतो, आणि सांगायला कुणी नाही. सोंगाची एवढी किंमत मोजावी लागते.” हे सांगताना ते हसत होते.

दिवाळी आली आणि गेली. विशाखाने बदली मागितली नाही. नीटनेटक्या माणसाला विसरणे फार अवघड जाते. खडू समोर दिसत असताना न दिसल्यासारखे करायचे म्हणजे तिच्या जिवाला घोर. वर्गात गोंगाट वाढला, भांडणेही परत आली, हेडसरांनी सभेत तिचे नाव घेणे बंद केले. पण हळूहळू भांडणांतून मुलांनीच वाटा काढल्या. आज कोणाची पाळी, हे बाईंना ठाऊक नसले तरी वर्गाला ठाऊक असे. एखादा दिवस पार विस्कटून जाई, तेव्हा ती डोके धरून बसे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विसरायला लागे.

थंडीत एकदा ती आजारी पडली आणि तिने रजा घेतली. परत आली तेव्हा हेडसर म्हणाले, “बाई, काल तुम्ही रजेवर आहात हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं. दुपारी वर्गात गेलो तेव्हा कळलं. फळा पुसलेला, माठ भरलेला, पोरं पाढे म्हणत बसलेली.”

तिला बरे वाटले आणि आत कुठेतरी कळही आली. आपल्यावाचून काही अडले नाही. हेच तर करायचे होते, आणि तेच झाल्यावर असे का व्हावे? गुरुजींना आयुष्यभर रोज संध्याकाळी असेच वाटत असेल का, हा प्रश्न तिला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

शाळा सुटली. मुले नेहमीसारखी धावत सुटली, आणि ती दारात उभी राहिली. फाटकापाशी जाऊन यास्मीन थांबली. वळली, आणि दप्तर सावरत परत आली.

“बाई, उद्या येणार ना?”

“का गं? काल मी नव्हते तरी तुम्ही सगळं नीट केलंत की.”

“केलं,” यास्मीन म्हणाली. “पण दाखवायला कुणी नव्हतं.”

विशाखाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. येईन, असे ती म्हणाली, आणि पोरगी फाटकाबाहेर दिसेनाशी होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.